डबीतली पिवळी पूड

अण्णा,

काल तुमच्या बायकोने तुमची ती पिवळी पूड मागितली. कमरेचं हाड मोडल्यापासून दोन महिने ती अंथरुणावर आहे, आणि पडून पडून तिची पाठ लाल झाली आहे. कातडी अजून फुटलेली नाही, पण डॉक्टर म्हणतात, कोरडी ठेवा, नाहीतर फुटेल. मी बाजारातली पांढरी, वासाची पावडर सकाळ-संध्याकाळ लावते, आणि दोन तासांत घामाने तिचा चिकटा होतो. काल तोच पुसून काढत होते, तर भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "त्यांची ती गोळ्यांवरची पूड असती ना, तर चिमटीभर पुरली असती गो." मी म्हटलं, "ती कुठली आता? संपली कधीच." हे खोटं आहे. तुमची पूड या घरात आहे, माझ्या ट्रंकेच्या तळाशी, आणि ती तिथे कशी आली ते मला तुम्हाला सांगायचं आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं असतं मला माहीत नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही, कारण भांडण तुमच्यावरून होतं.

तिला मी तुमची बायको म्हणते याचा राग धरू नका. तुम्ही तिला केळशीहून लग्न करून आणलंत तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि ती अठराची. "ही तुझी आई," असं तुम्ही बंदरावरच सांगितलंत, आणि मी तिच्या पायांकडे बघत राहिले, कारण बोटीतून उतरताना तिची पावलं भिजली होती आणि ती ती साडीच्या काठाला पुसत होती. आई मी तिला कधीच म्हटलं नाही. "ऐकलं का" आणि "जेवायला चला" एवढ्यावर आम्ही सगळं आयुष्य काढलं. बाहेरच्या कोणाला सांगायची वेळ आली की "आमच्या अण्णांच्या मंडळी" म्हणायचे. लोक हसायचे. मी आता साठी ओलांडली आणि ती सत्तरीला टेकली, दोघी विधवा, दोघींना मूल नाही, एकाच चुलीवर दोघींचा भात शिजतो, तरी ती माझ्या तोंडात अजून तुमची बायकोच आहे.

ती यायच्या आधीची तीन वर्षं मात्र माझी होती. आई तापाने गेली तेव्हा मी आठ वर्षांची. दुकान रस्त्याच्या अंगाला, घर मागे, आणि दोघांच्या मधे ती पडवी, जिथे बसून तुम्ही गोळ्या वळायचा. तुम्ही डॉक्टर नव्हता, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषध करून देणारे कंपाउंडर होता, पण गावातले लोक तुम्हालाच डॉक्टर म्हणायचे आणि तुम्ही दर वेळी "मी डॉक्टर नव्हे हो" म्हणून त्यांना थांबवायचा. शाळेतून आले की मी दप्तर टाकायचे आणि पडवीत तुमच्या डाव्या हाताला पाट मांडून बसायचे. मला अजून दिसतं. खलात हिवतापावरचं कडू कोयनेल आणि मध घालून तुम्ही बत्त्याने घोटता आहात, लगदा दगडी खलाला सोडून बत्त्याला धरतो, मग तुम्ही तो चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीवर घेऊन त्याची करंगळीहून बारीक वळी करता, पात्याने तिचे सारखे तुकडे पाडता, आणि म्हणता, "हं, पूड." मग मी तपकिरी बाटलीचं काचेचं बूच काढते आणि फरशीवर चिमटीभर पिवळी पूड भुरभुरते. त्या पुडीवर तुमचं बोट फिरलं की तुकड्याची गोळी होते आणि गोळीला गोळी चिकटत नाही.

बाटलीवर तुम्ही स्वतःच्या वळणदार अक्षरात लायकोपोडियम असं लिहिलं होतं. मला तो शब्द म्हणता यायचा नाही, म्हणून आपल्या घरात ती नुसती पिवळी पूड होती. थंड मुलखातल्या डोंगरांवर शेवाळासारखी एक बुटकी वनस्पती उगवते, तिला फूल येत नाही, फळ येत नाही, नुसते तुरे येतात, आणि ते झटकले की ही भुकटी पडते, असं तुम्ही सांगायचा. केवढी हलकी होती ती. बाटली तिरकी केली तर आत पाणी हलावं तशी हलायची. तान्ह्या पोरांच्या काखा-जांघा लाल झाल्या की बायका ती पुडीत बांधून न्यायच्या. गणपतीत नाटकवाली मंडळी चमचाभर मागायला यायची, कारण नळीतून दिवटीवर फुंकली की तिचा मोठा भडका उठायचा आणि लगेच विझायचा, आणि त्या भडक्यात राक्षस प्रकट व्हायचा. तुम्ही त्यांना ती स्वतः नेऊन द्यायचा आणि स्वतःच फुंकायचा, भलत्याच्या हातात द्यायचा नाही. प्रेक्षकांत बसून मी शेजारणीला सांगायचे, "राक्षस त्यांचा, पण आग आमच्या अण्णांची."

माझ्या हातांचं तुम्हाला आठवतं ना? ऐन थंडीतही तळव्यांना घाम. पाटीवर लिहिलं की अक्षरं विरायची. फुगडी घालायला माझा हात कोणी धरायचं नाही, "शी, बेडूक" म्हणून मुली सोडून द्यायच्या. आई गेल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एकदा मी तशीच रडत घरी आले होते. तुम्ही एका पितळी गंगाळात पाणी घेतलंत, त्यावर पिवळी पूड भुरभुरलीत आणि म्हणालात, "घाल हात." मी घातला. पाण्यात माझा हात चांदीच्या मोज्यात घातल्यासारखा चमकत होता. बाहेर काढला तर कोरडा. ठणठणीत कोरडा, अण्णा. एक थेंब नाही. मी पाच-सहा वेळा घातला आणि काढला, आणि दर वेळी तुम्ही माझा तळवा तुमच्या गालाला लावून बघितलात. "बघ, सगळ्या रत्नागिरीत एवढा कोरडा हात नाही," असं म्हणालात. त्यानंतर दर रविवारी आपण तो खेळ करायचो. तो खेळ माझा होता. तुम्ही तसं तोंडाने कधी म्हणाला नव्हता, पण मी तसं धरून चालले होते.

मग ती आली. वैशाख संपता संपता आली, शेवटच्या आगबोटींपैकी एका बोटीने. आल्या आल्या मी तिच्यात काय काय खोट काढता येईल ते बघितलं आणि फारसं काही सापडलं नाही, त्याचाच जास्त राग आला. बोलायला हळू, कामाला चपळ, आणि हसली की तोंडावर पदर धरायची. पहिले पंधरा दिवस ती पडवीच्या उंबऱ्याशी उभी राहून नुसती बघायची. एकदा माझ्या चिमटीतून जास्त पूड पडली आणि तुम्ही तिला सहज म्हणालात, "तुम्ही बघा हो करून एखादी." ती बसली. पहिलीच गोळी मोत्यासारखी. दुसरी तशीच. तुम्ही तिचा हात उलटा करून तळवा बघितलात आणि म्हणालात, "असे हात पाहिजेत गोळीला. थंड आणि कोरडे." मी तिथेच, तुमच्या डाव्या हाताला होते. ते वाक्य मला या घडीलाही तुमच्या आवाजात ऐकू येतं.

आठ दिवसांत माझा पाट हलला. आधी मला पुड्या बांधायला बसवलंत, मग पुड्यांचे कागद ओले होतात म्हणून तेही गेलं. एकदा मी हट्टाने लगद्याला हात घातला तेव्हा तुम्ही ओरडलात. "घामट हातांनी लगदा बिघडतो, किती वेळा सांगू? बाजूला हो." तुम्ही ओरडणारे नव्हता. म्हणूनच ते लागलं. आणि ती, तुमची बायको, माझी बाजू घेऊन म्हणाली, "असू दे हो, लहान आहे." मला तुमच्या ओरडण्यापेक्षा तिच्या त्या "असू दे"चा जास्त संताप आला. माझ्या बापाजवळ माझ्यासाठी रदबदली करणारी ही कोण?

तरीही मी काही केलं नसतं. खरंच केलं नसतं. पण आषाढातल्या एका रविवारी मी शेजारून परत आले, तर स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. दारातून बघितलं. तेच पितळी गंगाळ. पाण्यावर पिवळी साय. तिचा बांगड्या भरलेला हात पाण्यात, चांदीसारखा, आणि तुम्ही म्हणताय, "काढा आता." तिने काढला, "अगो बाई!" म्हणून ओरडली, आणि तुम्ही तिचा तळवा धरून गालाला लावलात. मी आवाज न करता मागच्या मागे गेले आणि विहिरीच्या काठावर बसले. तिचे हात तर मुळातलेच कोरडे होते. तिला काय गरज होती त्या पुडीची? ज्याचं पोट भरलंय त्याच्याच पानात तुम्ही वाढलंत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

पुढचं मी शांतपणे केलं, हे सांगताना मला लाज वाटायला हवी, पण थोडी ऐटच वाटते. रडत-भेकत नाही, दोन दुपारी बसून, नीट. तांदळाचं पीठ वस्त्रगाळ केलं. त्यात हळद घालत गेले, चिमटीचीही चिमटी, आणि खिडकीच्या उजेडात कागदावर तुमच्या पुडीशेजारी ठेवून रंग जुळवत गेले. तुम्हीच शिकवलं होतं ना, औषधाचा रंग दिव्यात बघू नये, दिवसाउजेडी बघावा. रंग जुळला तेव्हा तपकिरी बाटलीतली अर्धी पूड मी काढून घेतली, मावेल तेवढी आईच्या कुंकवाच्या चांदीच्या डबीत आणि बाकीची एका कागदात, तिच्या जागी बाटलीत पीठ भरलं आणि हलवून ठेवली. गोळ्या चिकटतील, तुम्ही तिला म्हणाल की तुमचे हात बिघडले, आणि पाट परत मांडला जाईल, एवढाच माझा हिशोब होता. त्या गोळ्या कोणीतरी आजारी माणूस खाणार आहे हे माझ्या मनातही आलं नाही. आणि नवी पूड नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्याशिवाय मुंबईहून येणार नाही, हे कंपाउंडरची मुलगी असून माझ्या डोक्यातून गेलं.

दहा-बारा दिवसांनी मिरजोळ्याचा एक शेतकरी भर पावसात आला, इरल्याखाली पुडी छातीशी धरून. ओटीवर उभा राहून त्याने ती उघडली. "ह्ये बघा वो डागदर, ह्या गोळ्यांचा निस्ता लाडू झालाय. वर बुरा बी आलाय. म्हातारीला हिव भरलंय, चार दिस जाले. आता ह्या लाडवातनं तिला किती तोडून देव?" तुमचा चेहरा मी दाराआडून बघत होते. तुम्ही त्याला काही सबब सांगितली नाहीत, "चूक आमची" म्हणालात, बाटलीतलं पातळ औषध करून दिलंत, आणि कसं पाजायचं ते दोनदा म्हणवून घेतलंत. म्हातारी वाचली, देवाची कृपा. श्रावणात तो माणूस मुद्दाम एक भलंमोठं तवसं घेऊन आला होता. त्या तवशाच्या कोशिंबिरीला मी हात लावला नाही.

तो गेल्यावर तुम्ही पडवीत आलात आणि काचेच्या पेल्यात पाणी घेतलंत. वर बाटलीतली पूड टाकलीत. खरी पूड तरंगली, आणि बाकीचं ढगासारखं हळूहळू खाली बसलं. "मुंबईवाल्याने फसवलं," असं तुम्ही म्हणालात, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तुम्ही कसले थांबताय. तळाचा गाळ दुसऱ्या पेल्यात घेतलात आणि त्यावर चुन्याची निवळी ओतलीत. पाणी लाल झालं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. तुम्ही पेला उजेडात धरलात आणि म्हणालात, "ही मुंबईची लबाडी नव्हे. हे आपल्या स्वयंपाकघरातलं आहे."

तुमच्याशिवाय पडवीत आम्ही दोघीच होतो. माझे हात मी पाठीमागे धरले होते, कारण घामाच्या तळव्यांत हळद मुरली होती आणि किती चोळली तरी रेघांमधून जात नव्हती. मी तोंड उघडणार होते की नाही, मला खरंच माहीत नाही. त्याआधीच ती म्हणाली, "माझ्या हातून बाटली कलंडली हो. अर्धी सांडली. तुम्ही रागवाल म्हणून मी भर घातली." एका दमात म्हणाली, पदरसुद्धा तोंडावर न धरता. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग जमिनीकडे बघत म्हणालात, "उद्यापासून तुम्ही गोळ्यांच्या फरशीपाशी बसू नका." आणि मला म्हणालात, "उद्यापासून तू."

त्या दुपारी तुम्ही मोठ्या परातीत पाणी घेऊन बाटलीतलं सगळं त्यात ओतलंत आणि मला शेजारी बसवलंत. पीठ खाली बसू द्यायचं, वर तरंगलेली पूड चमच्याने अलगद काढायची, फडक्यावर पसरायची, चुलीच्या उबेला सुकवायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटत होतं तुम्ही आता काहीतरी बोलाल, खऱ्याखोट्याबद्दल, आईबद्दल. तुम्ही सबंध दुपारात एकच वाक्य बोललात. "चमचा हळू चालव." त्या अर्ध्या पुडीवर आपण चातुर्मास ढकलला. गणपतीत नाटकवाले आले तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, नवा माल अजून आला नव्हता. त्या वर्षी राक्षस नुसताच विंगेतून चालत आला आणि लोक हसले.

मी जिंकले होते. लग्न होईपर्यंत, पाच वर्षं, तुमच्या डाव्या हाताचा पाट माझा होता. तुम्ही मला आधी दोन्ही हातांना पूड चोळायला लावायचा आणि मगच लगद्याला हात लावू द्यायचा. माझ्या गोळ्या शेवटपर्यंत थोड्या लांबटच झाल्या, तुम्ही कधी नाव ठेवलं नाहीत. ती चुलीपाशी असायची. आणि एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. संकष्टीला मोदकांची उकड उरली की ती पोळपाटावर तिच्या छोट्या छोट्या गोळ्या वळायची. वाटाण्याएवढ्या, सगळ्या सारख्या, पंचवीस-तीस. ओळीने मांडायची, बघायची, आणि मग तळव्याने सगळ्या दाबून एक करून गाईच्या घमेल्यात टाकायची. मी हे दोनदा बघितलं. तिला ते काम आवडायचं, अण्णा, स्वयंपाक म्हणून नव्हे, कसब म्हणून आवडायचं. हे कळूनही मला तिची दया आली नाही. तिच्या त्या उकडीच्या गोळ्या माझ्या कोयनेलच्या गोळ्यांपेक्षा गोल होत्या, तेवढंच माझ्या पोटात दुखलं.

कागदातली पूड मी बाटलीत पीठ भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीत टाकली होती, ती दोन दिवस पाण्यावर तरंगत राहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईची डबी मात्र टाकवली नाही. ती सासरी मुंबईला नेली, तिथून परत आणली. तुम्ही गेलात तेव्हा मी मुंबईत होते. तार आली, बोट धरली, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुम्ही तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेलात हे मला पाच जणींनी सांगितलं, प्रत्येकीने डोळे पुसत. मी रडले, पण त्यातलं निम्मं रडणं त्या मांडीवरून होतं. पुढे माझे यजमान गेले, मी रत्नागिरीला परतले, मुलींच्या शाळेत शिकवलं, आणि ती इथेच होती, तुमचं दुकान बंद केलेली, पडवी रोज सारवणारी. राहिलो दोघी.

आता कालचं. मी "संपली कधीच" म्हटलं आणि ओलं फडकं पिळायला वळले. ती भिंतीकडेच तोंड करून म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गो."

"काय ठाऊक होतं?"

"पिठाचं. तू तळवे पाठीमागे लपवलेस ते बघितलेनी त्यांनी त्याच वेळी. मला नंतर म्हणाले, तुम्ही खोटं बोललात ते बरं केलंत, आता ते निभवा. पोरगी बसू दे माझ्याजवळ."

मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, बसू दे. तिला आई नाही." मग म्हणाली, "हाताला मला आधीच वेगळी लागली होती ती पूड. वाटलं, पावसाची हवा असेल."

अण्णा, पन्नास वर्षं मी समजत होते की मी चोरी करून का होईना, तुम्हाला परत मिळवलं. तिला हरवलं. त्या एका गोष्टीवर मी तिच्यासमोर ताठ मानेने वावरले. आणि काल कळलं की मी जिंकलेच नव्हते, तुम्ही दोघांनी मिळून मला तो पाट मांडून दिला होता, श्राद्धाला पान वाढावं तसा. तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोललात. एकमेकांकडे बघितलंत, अळीमिळी गुपचिळी केलीत आणि पाच वर्षं, रोज, माझ्या डोक्यावरून ती पाळलीत. मी तुमच्या डाव्या हाताला बसून लांबट गोळ्या वळत होते आणि तुमचं गूज तिच्याशी होतं. गंगाळातल्या हातापेक्षा हे जास्त लागलं मला. तो तर खेळ होता, हे तर लग्न होतं. तुम्ही मला एकदा कानफटात मारली असतीत तर ती तरी माझी एकटीची असती.

मी रागाने फडकं आपटलं आणि म्हटलं, "मग एवढी वर्षं गप्प का बसलात? आज का सांगता?" ती म्हणाली, "पाठ जळते गो. आणि तू म्हणतेस पूड संपली."

तीच पुढे म्हणाली, "आईच्या तुझ्या डबीत आहे ना? मी तुझी ट्रंक उन्हाला घातली होती एकदा, तेव्हा बघितलेली. असू दे. तुझ्या हातांना लागेल ती."

बघा तुमची बायको कशी आहे. माणसाला धड दुष्टही होऊ देत नाही.

आज सकाळी मी ट्रंक उघडली. डबीचं झाकण अडकलं होतं, खोबरेल लावून काढलं. पूड तशीच आहे, अण्णा, हलवली की पाण्यासारखी हलते. तिला कुशीवर वळवलं, पाठ टिपून कोरडी केली आणि पूड लावली, मानेखालपासून माकडहाडापर्यंत. ती डोळे मिटून होती. चादरीवर थोडी सांडली होती, ती तिने दोन बोटांत धरून चोळून बघितली, पडवीत बघायची तशी. म्हणाली, "हीच." दुपारपर्यंत पाठ कोरडी होती आणि ती कितीतरी दिवसांनी कण्हल्याशिवाय झोपली.

ती झोपली आहे तोवर हे लिहून संपवते. हाताला पूड लावलेली नाही, त्यामुळे शाई चार-पाच ठिकाणी फुटली आहे, तुम्हाला वाचता आलं असतं की नाही कोण जाणे. हे पत्र ट्रंकेतच राहील. एकच सांगायचं उरलं. डबीतली पूड मी सगळी लावली नाही. अर्धी लावली. उरलेली लावली असती तर तिला उद्याचाही दिवस बरा गेला असता, आणि संध्याकाळी ती विचारेल तेव्हा मी आता खरंच संपली असं सांगणार आहे, आणि ती असू दे म्हणणार आहे. तिच्याकडे तुमची सगळी वर्षं आहेत. डबी मी बंद करून ट्रंकेत ठेवली आहे आणि किल्ली माझ्या कमरेला आहे.